स्टिकरच्या कडेवरचं कुंकू

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीची पूजा. त्यानंतर आम्ही जेवलो, बोललो, भांडलोही. पण दोघांनी हात लावून केलेलं तेच शेवटचं. मी नारळ फोडला. तिनं वाटीत कुंकू कालवलं आणि बॅटरीच्या पुढच्या अंगावर बोटानं स्वस्तिक काढलं. तिथं दुकानाचं मोठं चकचकीत स्टिकर होतं. त्याच्या कडेवर बोट अडखळलं आणि उजवीकडची रेघ वाकडी गेली.

मी म्हणालो, "नीट काढ की."

"मला काय पंचनामा लिवायचाय का," ती म्हणाली. "देवाला चालतंय आसं."

बॅटरी बसवायला आलेला दुकानाचा मिस्त्री माझ्याच वयाचा होता. तो म्हणाला, "वहिनी, हिकडं बगा," आणि मोबाईलवर फोटो काढून गेला.

पोलिसाच्या आठवणी म्हटलं की लोकांना खून-दरोडे पाहिजे असतात. तेही पाहिले. सातवी पास शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन उतरलो. पण मनातून जात नाही ते हे प्रकरण, आणि ते निवृत्तीनंतरचं आहे. त्यात मी तपास अधिकारी नव्हतो, फिर्यादी होतो. कुणाचं नाव लिहीत नाही.

आम्ही गंगाखेडला राहतो. बायकोला दमा होता. वाफेचं यंत्र लाईटवर चालतं आणि लाईटचा भरवसा नाही, म्हणून बॅटरी घेतली. दुकानाच्या जाहिरातीच्या कागदावर छापलं होतं : क्षमता दीडशे अँपिअर-अवर, सहा तास बिनघोर. दुकानात बायकांच्या नावानं सोडतीचं कूपन देत होते, म्हणून बिल तिच्या नावावर केलं.

खबर तिनंच दिली. आठवड्याभरात म्हणाली, "अवं, हे दोन तासांत बंद पडायलंय. सहा तास म्हणले व्हते ना ते?"

मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "तुला वापरता येत नसंल. पंखा मोठ्यावर ठेवतीस."

"पंखा बारक्यावरच हाय. दुकानात जाऊन इचारा की."

"जाऊ पुढल्या आठवड्यात."

पस्तीस वर्षं ठाण्यात बसलो. खबऱ्याची खबर आधी लिहून घ्यावी, खरी-खोटी नंतर बघावी, हे नव्या पोरांना मीच शिकवायचो. घरातली खबर मात्र उडवून लावली.

महिनाभरानं ती आजारी पडली. परभणीच्या दवाखान्यात आठ दिवस होती, तिथंच गेली. मी डॉक्टरांना सरळ विचारलं की, घरचं यंत्र मधेच बंद पडायचं, त्यानं काही झालं का. ते म्हणाले, त्याचा संबंध नाही, छातीत जंतुसंसर्ग होता. मी ते मानलं. पुराव्याशिवाय आरोप करायची माझी सवय नाही.

तेराव्यानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटायला गेलो, तर मागच्या महिन्याच्या चौकोनांत तिचं बारीक अक्षर दिसलं. 'लाईट गेली १०, पंखा बंद १२ ला ५ कमी.' खालच्या चौकोनात 'गेली ३, बंद पावणेपाच.' असे अकरा चौकोन भरलेले होते. मी लक्ष देत नाही म्हटल्यावर बाईनं स्टेशन डायरी लिहायला घेतली होती. ते पान काढून घडी घातली आणि दुकान गाठलं.

दुकानदार तिशीतला. बोलायला गोड. "या साहेब, बसा. चहा सांगू?"

"चहा नको. बॅटरी परत घे. सहा तास सांगून दोन तास चालती."

"खोकं आणलंय का? खोक्याशिवाय कंपनी घेत नाही."

खोकं मी भंगारात दिलं होतं. मोबाईलवरचा बॅटरीचा फोटो दाखवला, तर म्हणाला, "आन् हे काय, हळदकुंकू लावलंय की. वापरलेला माल झाला हा. बिलावर छापलंय बघा, विकलेला माल परत नाही."

"तुझ्या गल्ल्याला हार घातलाय. ते दुकानपण वापरलेलं का?"

तो हसला. बिल हातात घेऊन वाचलं आणि म्हणाला, "काका, बिल तर काकूंच्या नावावर आहे. त्यांना घेऊन या, मग बघू."

मी खिशातून मृत्यूचा दाखला काढला आणि काऊंटरवर ठेवला. त्यानं तो वाचला, घडी करून परत दिला. "लय वाईट झालं," म्हणाला. "पण नियम नियम आहे."

तिथून माझ्याच जुन्या ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा. उठून उभा राहिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, हे दिवाणी स्वरूपाचं हाय. आपल्याकडं येत न्हाई. ग्राहक आयोगात जावा."

"कुठं हाय ते?"

"परभणीला असंल. तुमालाच ठाव असायला पाहिजे."

राग आला, पण कुणावर काढायचा? हेच वाक्य मी आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं. मिक्सर घेऊन आलेल्या बाया, टीव्हीचं खोकं डोक्यावर घेऊन आलेली खेड्यातली माणसं, सगळ्यांना दार दाखवलं. पुढचं दार कुठलं, ते एकालाही सांगितलं नाही. मलाच माहीत नव्हतं.

घरी येऊन बॅटरीपुढं बसलो. उन्हाळ्यानं स्टिकरचा खालचा कोपरा सुटला होता. शेजारचे दोन निवृत्त गुरुजी पंच म्हणून बोलावले आणि त्यांच्यासमोर तो कोपरा ब्लेडनं हळूच उचलला. खाली बॅटरीच्या अंगावर कंपनीचा आकडा कोरलेला होता : साठ. वर दुकानाचं स्टिकर दीडशेचं. कोपरा पुन्हा दाबून ठेवला, जागेवर पंचनामा लिहिला, दोघांच्या सह्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला सांगितलं.

"स्टिकर काय, कुणीपण चिकटवतंय काका. तुम्ही आत्ता लावलं नसंल कशावरून?"

खोटं बोलणाऱ्याला मी कधी ओरडलो नाही. समोर बसून राहायचं आणि अधूनमधून तोच प्रश्न विचारायचा. तीन दिवस त्याच्या दुकानात स्टुलावर बसलो. गिऱ्हाईक आलं की विचारायचो, "मालक, त्या बॅटरीचं काय झालं?" गिऱ्हाईक माझ्याकडं बघायचं, मग त्याच्याकडं. तो घामाघूम व्हायचा, पण कबूल होत नव्हता. म्हणायचा, "काका, तुमाला दुसरं काम न्हाई का?"

"नाही," मी म्हणायचो. "होतं ते संपलं."

दुकानात भिंतीवर मोठा टीव्ही लावलेला होता. त्यावर 'आमचे समाधानी ग्राहक' म्हणून फोटो फिरत राहायचे. कुणी फ्रीजला हात लावून, कुणी कूलरपुढं. मी दोन दिवस त्याच्याकडं पाठ करून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी कामगारांनी माल ठेवायला म्हणून माझं स्टूल सरकवलं आणि माझं तोंड टीव्हीकडं झालं.

थोड्या वेळानं ती आली. पदर डोक्यावर, बोटाला कुंकू, मिस्त्रीकडं बघून हसायलेली. शेजारी बॅटरी. बॅटरीवर स्टिकर, स्टिकरवर दीडशेचा आकडा आणि कडेला तिचं ओलं स्वस्तिक. खाली लिहिलेलं, समाधानी ग्राहक.

फोटो गेला, फ्रीजवाला आला. मी जागचा हललो नाही. सगळे फोटो फिरून पुन्हा तिच्यावर यायला बराच वेळ लागला. आली तेव्हा मोबाईलमध्ये टीव्हीसकट फोटो घेतला आणि उठलो. पुराव्याला एकच फोटो पुरला असता. मी चार घेतले.

आता पुरावा बांधायचा राहिला. ठाण्यात आम्ही मुद्देमालाची पुडी सील करताना सही अर्धी लेबलवर, अर्धी पुडीवर करतो. लेबल कुणी काढून दुसरं लावलं की सहीची रेघ जुळत नाही. बॅटरीपाशी जाऊन बघितलं, तर तिचं स्वस्तिक नेमकं तसंच होतं. अर्धं स्टिकरवर, अर्धं बॅटरीच्या अंगावर, आणि ज्या वाकड्या रेघेवरून मी तिला बोललो ती कडेवरून सलग गेलेली. मला अख्ख्या नोकरीत इतकं चोख सील जमलं नव्हतं.

परभणीला आयोगात गेलो. तिथल्या कारकुनानं सांगितलं, वकील लागत नाही, तक्रार साध्या कागदावर चालते, दोन वर्षांच्या आत आली पाहिजे, आणि बिल ज्याच्या नावावर तो गेला तर वारसाला करता येते. हे सगळं त्यानं दोन मिनिटांत सांगितलं. मी पस्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही. शिकलेला नसलो तरी फिर्याद लिहिता येते. लिहिली आणि दिली.

मग तारखा. एक तारीख समोरच्या वकिलाला वेळ पाहिजे म्हणून, एक त्याचा जबाब आला नाही म्हणून, एक सदस्य रजेवर म्हणून. सकाळची गाडी धरायची, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. आरोपींना तारखेवर नेताना ते कुरकुरायचे तेव्हा मी दटावायचो. आता कळलं.

अखेर सुनावणी झाली. त्यांचा वकील म्हणाला, स्टिकर तक्रारदारानं मागाहून चिकटवलं. मी बॅटरी रिक्षात घालून नेलीच होती. टीव्हीचा फोटो आणि ती शेजारी ठेवली. अध्यक्ष बाई खाली उतरून आल्या, चष्मा लावून वाकल्या, कडेवरची रेघ बघितली.

"हे कुणी काढलं?"

"मयत पत्नीनं. बसवायच्या दिवशी. फोटो दुकानाचाच आहे."

बाईंनी वकिलाकडं बघितलं, मग मला विचारलं, "कुंकू पुसलं नाही का कुणी?"

"नाही बाई," मी म्हणालो. "घरात पुसणारं कुणी राहिलं नाही."

त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

निकाल माझ्या बाजूनं लागला. बॅटरी परत घ्यावी, पैसे परत द्यावेत, खोट्या जाहिरातीबद्दल आणि त्रासाबद्दल भरपाई द्यावी. बिलावर काहीही छापलं तरी खोटा माल परत घ्यावाच लागतो, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

या प्रकरणानं मला कायदा थोडा शिकवला, पण तो कुणालाही शिकता येतो. खरं शिकलो ते हे की, बारीक तक्रार घेऊन आलेला माणूस वस्तूसाठी आलेला नसतो. आपलं खरं कुणीतरी लिहून घ्यावं म्हणून आलेला असतो. तिनं मला सांगितलं, मी लिहून घेतलं नाही, म्हणून तिला कॅलेंडरवर लिहावं लागलं. आता गल्लीत कुणाचा मोबाईल जाहिरातीप्रमाणं निघाला नाही की माझ्याकडं येतात. मी आधी जाहिरातीचा कागद आणि बिल जपून ठेवायला सांगतो, मग फिर्याद लिहून देतो.

निकाल लागला त्याच संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला होता. "काका, उद्या बॅटरी आणून द्या, चेक तयार हाय. फक्त ते कुंकू तेवढं पुसून आणा."

निकाल लागेपर्यंत एक गोष्ट डोक्यात आली नव्हती. जिंकलो म्हणजे बॅटरी द्यावी लागणार. तिच्या बोटाचं तेवढंच राहिलेलं होतं. संध्याकाळभर बॅटरीपुढं बसलो. नको तुझा चेक म्हणून कळवावं, असंही वाटलं. पण तिनं सांगितलेलं काम तेवढंच होतं, दुकानात जावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून रिक्षा बोलावली आणि बॅटरी काऊंटरवर नेऊन ठेवली. कुंकू पुसलं नव्हतं. दुकानदार पावती लिहायला लागला, 'बॅटरी एक नग, परत मिळाली.'

"पुढं लिही," मी म्हणालो. "दर्शनी बाजूस कुंकवानं काढलेलं स्वस्तिक, उजवी रेघ वाकडी."

"आता हे कशाला, काका?"

"माल जसा आहे तसा लिहावा लागतो."

त्यानं लिहिलं. मी वाचून बघितलं, शेवटी 'सुस्थितीत' हा शब्द घालायला लावला, आणि सही केली.