वळसंगच्या गुरप्पांचं हँडल

सोलापुरात विजापूर रोडला एक मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. तिथले श्रीमंत बंडगर मास्तर गाडी शिकवतात, पण त्याहून जास्त ते गाडीचा इतिहास शिकवतात. हा इतिहास कुठल्याही पुस्तकात सापडायचा नाही, कारण तो मास्तरांच्याच डोक्यातून निघालेला आहे. मोटारगाडीत आज जे काही दिसतं, त्याचं मूळ सोलापूर जिल्ह्यात आहे, असं मास्तरांचं ठाम मत.

"पुढच्या काचेच्या कडंनं बारीक काळं ठिपकं हायत, दिसतंय का?" असं विचारून मास्तर समोरच्याला काचेकडे बघायला लावतात. "अक्कलकोटात एका घरी पयली गाडी आली. सुनंला वाटलं, नजर लागंल. तिनं काजळाची तीट लावली. एका तिटीनं तिचं समाधान हुईना, म्हणून लावत लावत ती सगळी काच फिरली. कंपनीचा सायेब बघून गेला. तवापासनं सगळ्या गाड्यांना तीट."

पेट्रोलच्या काट्याशेजारी जो छोटा बाण असतो, तो नातेपुत्याच्या एका गड्यामुळे आला. टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे हे न कळल्याने तो पंपाभोवती गाडी फिरवत राहिला. पंपवाल्याला वाटलं नवस फेडतोय, म्हणून त्यानेही हात जोडले. असे अकरा फेरे झाले आणि गाडी तिथेच बंद पडली. आणि नव्या गाड्यांच्या छपरावर माशाच्या पंखासारखं जे असतं, तो उजनीकाठच्या माणसाने छपरावर टाकून आणलेल्या चिलापीचा अवतार. मासे उतरवताना एक चिलापी पत्र्याला चिकटून राहिली, वाळली, आणि त्या दिवसापासून गाडीतला रेडिओ स्वच्छ लागायला लागला.

गंमत म्हणजे मास्तरांकडे शिकलेला माणूस परीक्षेत सहसा नापास होत नसे. क्लच, ब्रेक आणि आरसा याबाबत मास्तरांनी कधीही थाप मारली नाही. "ब्रेकाबद्दल खोटं बोललं तर माणूस मरतंय," ते म्हणत, "ठिपक्याबद्दल बोललं तर कोण मरतंय?"

मेलं कोणी नाही हे खरं. पण एक माणूस दुखावला, आणि तो नेमका सासरा निघाला.

त्याचं असं झालं. नऊ वर्षांपूर्वी मास्तरांचे सासरे गुरप्पा व्हनमाने यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. गुरप्पा वळसंगचे, मेंढरं राखून मोठे झालेले, आयुष्यभर पायी नाहीतर एसटीने फिरलेले. मास्तर त्यांना आणायला स्कूलची तेव्हाची जुनी गाडी घेऊन गेले आणि मोठ्या मानाने पुढच्या सीटवर बसवलं. त्या गाडीत आत धरायला काहीच नव्हतं. पहिल्याच गतिरोधकाला गाडी उडाली आणि गुरप्पांनी हाताला लागलं ते धरलं. हाताला मास्तरांचा डावा कान लागला. तो त्यांनी थेट दवाखान्याच्या दारात सोडला.

आठवडाभर कान ठणकत होता. तो थांबल्यावर मास्तरांची नवी कथा तयार झाली. दाराच्या वर, आतल्या बाजूला जे हँडल असतं ते कसं आलं? तर वळसंगचा एक म्हातारा गाडीत इतका भ्याला, की त्याने जावयाचा कान उपटायचा तेवढा बाकी ठेवला. मागच्या गाडीतून कंपनीचा सायेब हे बघत होता. त्याला जावयाची दया आली. "आन् ड्रायव्हरच्या डोस्क्यावर बघा, बहुतेक गाड्यांना हँडल नसतंय," मास्तर पुरावा देत. "त्याचा कान सुटला, आनखी त्याला काय पायजे?"

"पण मास्तर, हँडल तर आधीपासनंच हाय की," एका शिकाऊ पोस्टमनने शंका काढली.

"व्हतं. पण त्याला काम न्हवतं," मास्तर म्हणाले, आणि त्याला रिव्हर्स घ्यायला लावलं.

ही कथा तीन वर्षांत वळसंगला पोचली. सोलापूरची गोष्ट तिथे पोचायला एवढा वेळ लागला हेच आश्चर्य. गुरप्पा पारावर आले की पोरं एकमेकांचे कान धरून किंचाळायला लागली. गुरप्पांनी लेकीला निरोप धाडला: तू माहेराला ये, जेव, राहा, मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही.

ते सहा वर्षं आले नाहीत. मास्तरांची बायको विजयमाला दर यात्रेला माहेरी जायची आणि परत आल्यावर दोन दिवस नवऱ्याशी बोलायची नाही. मास्तरांनी ते पचवलं. "म्हातारं माणूस हाय, निवळंल," असं ते म्हणत राहिले, आणि कथा सांगत राहिले. कथा सोडवत नव्हती, कारण तीच सगळ्यात जास्त हशा मिळवायची.

मग जुळे सोलापूर भागात मास्तरांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला, रविवारी साडेअकराचा. वास्तूला बसताना बाईच्या अंगावर माहेरून आलेलं लुगडं लागतं आणि माहेरचं माणूस दारात लागतं. विजयमालाने आदल्या आठवड्यातच सांगून टाकलं.

"अप्पा आलं तर मी पाटावर बसते. न्हाय आलं तर तुमी एकटं बसा. बायकूच्या जागंवर सुपारी ठेवत्यात म्हनं. ठेवा सुपारी."

"अगं, घर तुझं हाय."

"मग सुपारीचं हुईल."

मास्तर हसायला गेले, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा कुठे त्यांना कळलं की सहा वर्षं हिला किती लागलंय. दोनदा मेव्हण्याकरवी आमंत्रण धाडलं, उत्तर आलं नाही. शेवटी रविवारी सकाळी साडेआठ वाजता मास्तर स्कूलची गाडी घेऊन निघाले. छपरावर स्कूलचा फलक, पुढे-मागे शिकाऊचा लाल 'एल'. मनात एकच ठरवलं होतं: सगळ्यांसमोर सांगायचं, मी थाप मारली, हँडलाचा आणि मामांचा काही संबंध नाही. पायावर डोकं ठेवायचं आणि घेऊन यायचं.

गुरप्पांच्या दारात पोचले तर तिथे गर्दी. हार घातलेली एक कोरी गाडी उभी, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक. गाडीचा मालक बसू, गावातलाच द्राक्षवाला, हातात नारळ घेऊन वाट बघत होता. तेवढ्यात गुरप्पा घरातून आले. नवं धोतर, फेटा. ते गाडीत पुढच्या सीटवर बसले, हात वर करून हँडल धरलं, डोळे मिटले आणि उतरले. बसूने त्यांना टॉवेल-टोपी दिली, पाया पडला आणि मगच नारळ फोडला.

मास्तर तोंड वासून बघत राहिले. ओसरीवर बसलेल्या सासूबाईंनी, सोनाबाईंनी, त्यांना सगळा खुलासा केला.

"गावात नवी गाडी आली की पयला हात ह्यांचा. हँडलाचा मान वळसंगचा न्हवं का? ही सदतिसावी."

आता थाप म्हणून सांगायचं तरी कसं? तरीही त्यांनी धीर केला, पुढे झाले आणि वाकले. "मामा, चुकलं माझं. ती हँडलाची गोष्ट मी आपली..."

"गप ऱ्हावा!" गुरप्पांनी त्यांना दंडाला धरून मेंढरांच्या वाड्यामागे नेलं. रागातही जावयाला 'तुमी' म्हणायची रीत त्यांनी सोडली नव्हती. "खोटी हाय म्हनून सांगायला आलाय काय, जावईबापू? मग ह्या सदतीस गाड्यांचं मी काय करू?"

"मग तुमचा राग कशाचा हाय, मामा?"

गुरप्पांनी आडवं आलेलं एक मेंढरू बाजूला सारलं. मग म्हणाले, "मान देत्यात आन् मागनं हसत्यात. म्हनत्यात, भित्र्याचा हात लागला की गाडी जपून चालती. म्हनून बोलवत्यात मला. मी लांडगं हाकलल्यात, जावईबापू. मी भ्यालो न्हवतो. तुमी गाडी वंगाळ चालवत होता. चुकणाऱ्याचा कान धरत न्हाईत व्हय?"

मास्तरांना तो दिवस आठवला. सासरा पहिल्यांदा गाडीत बसलाय म्हणून त्यांची छाती फुगली होती. एका हाताने स्टेअरिंग, दुसरा हात खिडकीबाहेर, आणि गतिरोधक दिसत असूनही रुबाबात तिसरा गिअर. शिकाऊ पोराने असं केलं असतं तर त्यांनी त्याला तिथेच उतरवलं असतं.

"हे तितं जाऊन सांगा," गुरप्पा म्हणाले. "मग येतो तुमच्या दारात."

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, सांगायचं. पण बावीस वर्षं गाडी शिकवणाऱ्या माणसाने, भर गर्दीत, आपल्याला गाडी चालवता आली नाही असं सांगायचं? बसू त्यांचाच विद्यार्थी. गर्दीत त्यांचे आणखी दोघे विद्यार्थी होते, आणि दोघांनीही मोबाइल वर धरले होते.

मास्तर गर्दीसमोर जाऊन उभे राहिले. "ती हँडलाची गोष्ट मी चुकीची सांगितली. मामा भ्यालं न्हवतं. त्या दिवशी गाडी मी जरा वंगाळ..."

"जरा?" मागून गुरप्पा.

"लई वंगाळ चालवत होतो. तिसऱ्या गिअरात ब्रेकरवर घातली. मामांनी कान धरला म्हनून मी शुद्धीवर आलो. ते हँडल भ्यालेल्याला धरायला न्हाय केलेलं. ड्रायव्हर चुकला तर दरवेळी त्याचा कान सापडंलच असं न्हाय, म्हनून केलंय."

गर्दी एकदम हसली. या वेळी सगळे मास्तरांकडे बघून हसत होते. मास्तरांना लाज वाटली, भरपूर वाटली, आणि तरी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही झालं. बावीस वर्षांत त्यांनी सांगितलेल्या इतिहासात पहिल्यांदाच काही खरं आलं होतं. बसूने गुरप्पांकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा पाया पडला, या वेळी जरा खाली वाकून.

गुरप्पांनी घरातून एक गाठोडं आणलं. त्यात सदतीस टॉवेल, सदतीस टोप्या आणि वर एक हिरवं इरकल लुगडं. सगळं त्यांनी लेकीच्या वास्तूला म्हणून साठवलं होतं. सोनाबाई गाठोडं घेऊन मागे बसल्या, गुरप्पा पुढे. दहा वाजून गेले होते. गुरप्पांनी सवयीने हात वर केला तर तिथे नुसती स्क्रूची दोन भोकं.

"हँडल कुटं हाय?"

मास्तरांना सांगावंच लागलं. शिकवताना ते स्वतः त्या सीटवर बसतात, आणि शिकाऊ माणसाने गाडी ट्रकवर घातली की तेच हँडल धरतात. गेल्या उन्हाळ्यात ते हातात आलं.

"मग भ्यालं कोन?" गुरप्पा शांतपणे म्हणाले आणि हात डावीकडून उजवीकडे नेला.

त्यातून शिकवायची गाडी. मास्तरांच्या सीटला खाली जादा ब्रेक असतो. तो गुरप्पांच्या पायाला वळसंगच्या वेशीवरच सापडला. मग काय विचारता! शेळी दिसली, ब्रेक. एसटी दिसली, ब्रेक. कुंभारीला त्यांच्या ओळखीचं एक झाड होतं, तिथेही ब्रेक. आणि सोबत कानडीत, "निधान, निधान." सावकाश, सावकाश. वीस किलोमीटरला सव्वा तास लागला. मागच्या ट्रकवाल्याने काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

घरी गुरुजींनी दोन पाट मांडून ठेवले होते. एकावर सुपारी ठेवून झाली होती. विजयमाला जुन्याच लुगड्यात चुलीपाशी बसली होती, पूजेकडे पाठ करून. गाडीचा आवाज आला तरी ती उठली नाही. मास्तर एकटेच आत आले, कारण मागे गुरप्पा-सोनाबाईंना गाठोडं उतरवायला वेळ लागत होता.

"आलं का अप्पा?" तिने मान न वळवता विचारलं.

मास्तर तिच्यासमोर जाऊन बसले आणि डावा कान पुढे केला. कान बुडापासून पाळीपर्यंत लालभडक झाला होता, आणि त्यावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता.

विजयमालाने तो कान नीट बघितला. मग पदराने डोळे पुसले, पाटापाशी गेली, सुपारी उचलली आणि गुरुजींच्या हातात दिली.

"ही तुमच्या पिशवीत ठेवा," ती म्हणाली.