गच्चीवरचं तळं

आमच्या गच्चीवर मातीशिवाय पालक वाढतो, हे बाबांना कधी पटलं नाही. गडचिरोलीला ते आमच्याकडे राहायला आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी त्यांना वर नेलं. पांढऱ्या नळ्या, नळ्यांना पाडलेली भोकं, भोकांत बसवलेले जाळीचे कप, कपांतून वर आलेली रोपं आणि खालच्या टाकीतून पंपाने सतत फिरणारं पाणी. मी शाळेत विज्ञान शिकवते. हे सगळं आधी विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांसोबत बनवलं होतं, मग आवडलं म्हणून घरीही मांडलं. बाबांनी एक रोप कपासकट उचललं, खाली लोंबणारी मुळं पाहिली आणि परत ठेवून दिलं.

"हे उपाशी हाये, माय," ते म्हणाले. बाबा मला नेहमी माय म्हणत.

"उपाशी नाई बाबा. पाण्यात दवाई रायते. सगळं भेटते त्याले."

"मंग सलाइनवर हाये म्हण."

मला हसू आलं. मागे उभ्या असलेल्या आईला नाही आलं.

आम्ही ढिवर. चामोर्शीकडच्या आमच्या गावाला जुनं, मोठं तळं आहे, आणि गावातल्या ढिवरांनी मिळून त्यात मासोळी वाढवायची, धरायची, असं पिढ्यांपासून चालत आलेलं आहे. बाबांचं सगळं आयुष्य त्या तळ्यावर, डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, उभं राहून गेलं. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. चामोर्शीच्या शाळेत, मग गडचिरोलीच्या वसतिगृहात राहून शिकले. त्या सगळ्या वर्षांत माझ्या ताटात जे पडलं ते तळ्यातून आलं होतं, हे मी विसरू शकत नाही. विसरायला लागले ते बाबा.

आधी नावं गेली. मग वाटा गेल्या. एकदा भर दुपारी त्यांनी गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर जाळं फेकलं आणि ते ओढत बसले. उन्हात रस्ता चमकत होता, त्यांना पाणी दिसलं असेल. बसमधले लोक हसले. गावातल्या कुणीतरी जाळं गुंडाळून त्यांना घरी आणून सोडलं. त्यानंतर मी दोघांनाही माझ्याकडे घेऊन आले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गेलेलं परत येणार नाही. हाताला ओळखीचं काम राहिलं तर उरलेलं थोडं जास्त दिवस टिकेल, एवढंच.

हाताला ओळखीचं काम म्हणजे मासोळी. शहरात तळं कुठून आणणार? बाबा दिवसभर खाटेवर बसून हाताचे तळवे पाहत. जेवण कमी झालं होतं. तेव्हा मी ठरवलं की गच्चीवरच्या नळ्यांना खताच्या क्षारांऐवजी मासोळ्यांच्या पाण्यावर आणायचं. मासोळ्यांची घाण रोपांचं खत होते, आणि रोपं पाणी साफ करून मासोळ्यांना परत देतात. वाचायला सोपं होतं.

करायला वेळ लागला. क्षारांच्या पाण्यात मासोळी जगत नाही, म्हणून सगळं पाणी काढून टाकलं. नळ्या, पंप, कप साध्या पाण्याने पुन्हापुन्हा धुतले. छोट्या टाकीच्या जागी मोठी, उघड्या तोंडाची टाकी आणली. टाकी आणि नळ्यांच्या मध्ये वैनगंगेच्या गोट्यांनी भरलेला एक पसरट हौद ठेवला. मासोळ्यांच्या घाणीचं खत आपोआप होत नाही, ते करणारे सूक्ष्म जीव त्या गोट्यांवर वाढावे लागतात. नळाच्या पाण्यात जंतुनाशक असतं, म्हणून ते उन्हात उघडं ठेवून मुरू दिलं. गोटे धुवायला बाबांना बसवलं. ते एकेक गोटा तळहातावर घेऊन अंगठ्याने घासायचे. कधी धुतलेलाच गोटा परत घ्यायचे.  त्या दिवसांत ते दोन वेळा पोटभर जेवू लागले.

माझे पती मुलचेऱ्याला नोकरीला आहेत, शनिवारी घरी येतात. तिकडच्या बंगाली निर्वासितांच्या एका गावात मत्स्यबीज मिळतं. त्यांनी हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बोटाएवढी पिल्लं आणली आणि गच्चीवर येताच पिशवीची गाठ सोडायला लागले.

"थांबा ना जवाईबापू," बाबा म्हणाले. किती दिवसांनी त्यांनी कुणाला थांबवलं होतं. त्यांनी बंद पिशवी हातात घेतली आणि तशीच टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. "वळख होऊ द्या. आतलं पानी, भाईरचं पानी. वळख नाई झाली तं उलट्या पडतेत."

"किती वेळ मामाजी?"

"त्याइले इचारा."

पिशवीवर हात ठेवून ते बसून राहिले. मग गाठ सोडली. एकही पिल्लू उलटं पडलं नाही. गावातही बीज सोडायचं काम बाबांचंच असे, आणि त्यांच्या हातचं पिल्लू उलटत नाही, असं लोक म्हणत. आपल्या आयुष्यात त्यांनी मिरवलेली ही एकच गोष्ट.

त्यानंतरचा हिवाळा आमच्या घरातला चांगला काळ होता. सुरुवातीला पालक पिवळा पडला. गोटे अजून तयार झाले नव्हते. पुढे हळूहळू पानं हिरवी होत गेली. बाबा सकाळी चहाच्या आधी वर जात, पाण्यात हात बुडवून ठेवत, भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप कालवून चिमटीने टाकत. मला ते कधी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारत, कधी नुसतंच बघत. पण टाकीपाशी त्यांची चूक होत नसे.

"बायकोचं नाव इसरले," आई एकदा जिन्यावरून म्हणाली, "पर मासोळीची भूक नाई इसरले."

"मासोळी टोमणे मारत नाई," बाबा म्हणाले.

आई खाली गेली आणि स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसत हसली. मी पाहिलं.

उन्हाळा संपत आला तेव्हा डास वाढले. आमच्याकडे डास म्हणजे मलेरिया. आईने गावाहून टोरीची, म्हणजे मोहाच्या बियांची ढेप मागवली. बियांचं तेल काढल्यावर उरणारी ती ढेप संध्याकाळी जाळली की तिच्या कडू धुराने डास पळतात. पोतं जिन्याखाली ठेवलं होतं.

त्याच ढेपेचा आमच्या तळ्यावर दुसरा उपयोग असतो. पावसाच्या आधी तळ्यात पाणी थोडं उरतं. नवं बीज सोडायचं तर आतल्या मरळीसारख्या मोठ्या मासोळ्या आधी काढाव्या लागतात, नाहीतर त्या बीज खाऊन टाकतात. म्हणून ढेप भिजवून, कुस्करून डोंग्यातून पाण्यावर शिंपडतात. पाण्याला फेस येतो, मासोळ्या गुंगून वर येतात. त्या खाल्ल्या तर माणसाला काही होत नाही. त्या दिवशी अख्खं गाव टोपली घेऊन तळ्यावर असतं आणि घरोघर एकच वास असतो. मग फेस पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. ढेपेतलं विष मरतं आणि तीच ढेप पाण्याला खत होते. तेव्हा बीज सोडायचं. आणि आमच्यात एक नेम आहे. ज्याने ढेप टाकली, बीज त्यानेच सोडायचं. ज्या हाताने मारलं, त्या हाताने सोडलं नाही तर तळं रुसतं, असं म्हणतात.

त्या रविवारी मी भाजीबाजारातून आले तर गच्चीवरून बाबांची हाक ऐकू आली. आवाज मोठा, मोकळा होता. माझ्या लहानपणचा.

"अवो, टोपलं आना! निंगाल्या, निंगाल्या!"

आई आणि मी एकदमच वर धावलो. बाबा टाकीपाशी धोतर खोचून उभे होते. हात कोपरापर्यंत ढेपेच्या चिखलाने माखलेले. टाकीवर पांढरा फेस होता, गोट्यांच्या हौदात फेस, नळ्यांच्या प्रत्येक भोकातून रोपांच्या बुंध्याशी फेस. आणि फेसात मासोळ्या तोंडं वर काढून गोल फिरत होत्या. काही आडव्या झाल्या होत्या. बाबांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मी पंप बंद केला. बादलीकडे धावले. आईने माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आता नाई वाचत."

"बाबांना सांगावं तर लागंल ना आई."

"काय सांगतं त्याइले?"

ती खाली गेली आणि टोपलं घेऊन आली. टाकीपाशी उकिडवी बसली आणि गावाच्या तळ्यावर वेचायची तशी एकेक मासोळी वेचू लागली. "लय निंगाल्या जी यंदा," ती म्हणाली.

"निंगतीलच," बाबा म्हणाले. "ढेप चांगली भिजली व्हती."

आईने मासोळ्या राखेने घासल्या, कालवण केलं. बाबांनी इतके महिने स्वतःच्या चिमटीने खाऊ घातलेल्या त्या मासोळ्या आवडीने खाल्ल्या, आणि काटा लागू नये म्हणून माझ्या ताटातली एक सोलून दिली, मी लहान असताना देत तशी. मी खाल्ली. 

दुसऱ्या दिवसापासून ते फेस पाहायला वर जाऊ लागले. हा फेस गेला की बीज, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. बाकी सगळं झपाट्याने निसटत होतं. घासाचा हात तोंडापर्यंत नेऊन ते थांबायचे, पुढे काय करायचं ते आठवायचं नाही. पण सकाळी म्हणायचे, "फेस हाये अजून." मी पतींना फोन करून बीज सांगून ठेवलं. पालकाची काही रोपं गेली होती. उरलेल्यांची पानं ढेपेचं खत मिळून काळपट हिरवी झाली.

फेस गेला त्या सुमाराला बाबांना ताप आला. ताप उतरला, पण बाबा उठले नाहीत. पायात बळ राहिलं नाही आणि बोलणंही बंद झालं. त्याच आठवड्यात ते गेले. पण त्याआधी एक शनिवार आला, तोच मला पुन्हापुन्हा आठवतो.

पतींनी बीजाची पिशवी आणली. बाबांना जिन्यावरून वर नेणं शक्य नव्हतं, हात लावला तरी ते कण्हत होते. मी आईला म्हटलं, "तू सोड, नाईतं मी सोडते. चालते."

"ज्यानं मारलं त्यानंच सोडावं लागते."

तळं रुसतं यावर माझा विश्वास नाही. तरी मी वाद घातला नाही. पिशवी खाली आणली आणि खाटेवर त्यांच्या कुशीशी ठेवली. आईने त्यांचा हात उचलून पिशवीवर ठेवला. आत पिल्लं फिरत होती, प्लास्टिकला आतून धडका देत होती. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांची बोटं हळूच पसरली.

थोड्या वेळाने मी पिशवी उचलायला गेले. बाबांनी हात दाबला. जोर नव्हता, पण सोडतही नव्हते. मला कळलं. वळख व्हायची होती. आतलं पाणी, बाहेरचं पाणी. पिशवीतली हवा किती पुरते ते मला माहीत होतं, मुलचेऱ्याहून येण्यातच बरीच सरली होती. तरी मी हात मागे घेतला. पती दारात उभे राहून एकदा पिशवीकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. 

शेवटी आई वाकली. "झाली वळख जी," ती म्हणाली, आणि एकेक बोट सोडवत तिने त्यांचा हात पिशवीवरून काढला.

वर जाऊन तिनेच गाठ सोडली. पुष्कळशी पिल्लं पाण्यात सरकन गेली. काही मात्र पांढरी पोटं वर करून तरंगली. आईने ती पटकन वेचून मुठीत घेतली, मी पुढे झाले तर मान हलवली, आणि तशीच खाली आली.

बाबांचे डोळे उघडे होते. ती त्यांच्या कानाशी वाकली. मूठ तिने पाठीमागे धरली होती.

"सोडल्या जी," ती म्हणाली. "एकबी उलटली नाई."