परांचीवरून पडलेला मोतीराम

मेहकरजवळ पैनगंगेवर दगडी पूल होत होता, तेव्हा सोजराबाई डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन दिवसभर चढ-उतार करायची. नवरा मोतीराम गवंडी. तो परांचीवर बसून दगड बसवायचा, ती त्याला चुना पुरवायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि संसार असाच एका बांधकामावरून दुसऱ्यावर फिरत होता.

माघात एका सकाळी मोतीरामने परांचीचा दोर चाचपून पाहिला.

"रंगराव, दोर सडला हाये. बदलून द्या," तो मुकादमाला म्हणाला.

"आजचा दिस काढ बे. ठेकेदार उद्या नवे पाठवून राह्यले."

मोतीराम चढला. न चढून करतो काय? त्याच्या जागी चढायला खाली चौघे उभे होते.

दुपारी दोर तुटला. सोजराबाईच्या डोळ्यांदेखत मोतीराम दगडांच्या ढिगावर पाठीवर आपटला. जीव वाचला, पण कंबरेखालचं अंग कायमचं गेलं.

गावातल्या वामनराव वकिलांनी सांगितलं, जायबंदी मजुराला भरपाई द्यायचा सरकारी कायदा आहे. अर्ज बुलढाण्याच्या कचेरीत गेला. ठेकेदाराने उलटं म्हणणं मांडलं, की गडी दारू पिऊन चढला होता. रंगरावनेही तीच साक्ष दिली, सोजराबाईकडे न पाहता.

मग सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे तिला उभं केलं.

"सायेब, माह्या माणसानं जन्मात दारूले हात लावला नाही. दोर सडला म्हून त्याईनं सांगतलं, ते म्या ह्या कानांनी आयकलं." ती वळली. "रंगरावभाऊ, तुमच्यासंगंच बोलले ना ते?"

रंगरावने मान खाली घातली. साहेबांनी त्याला शपथेची आठवण करून दिली.

"हाव," तो अखेर पुटपुटला. "बोलला होता."

निकाल मोतीरामच्या बाजूने लागला. रंगरावला ठेकेदाराने त्याच आठवड्यात काढून टाकलं. सोजराबाईलाही तालुक्यात कोणी चुन्याच्या कामावर घेईना. 'कचेरी चढलेली बाई' म्हणून मुकादम तिला दुरूनच परत पाठवायचे. ती लोकांच्या वावरात तण निंदायला जाऊ लागली.

घरी आली की ती मोतीरामला कुशीवर वळवायची, पडून पडून पाठीला झालेल्या जखमा कडुनिंबाच्या पाण्याने धुवायची.

"आपुन जितलो ना?" तो विचारायचा.

"जितलो," ती म्हणायची.

भरपाईचे पैसे आले तेव्हा जखमा हाडापर्यंत गेल्या होत्या. भादव्यात मोतीराम गेला.