'नळ' आमच्यात वाजत नाय

किस्से काय कुणी मुद्दाम साठवत नाय. आमच्या आरोग्य केंद्राच्या कपाटात रिकाम्या बाटल्या साठतात, तसे ते साठतात. असू दे, लागेल कधीतरी, असं म्हणता म्हणता एक दिवस कपाटाचं दार लागेनासं होतं! मी किन्हवलीला नर्स आहे. सगळे मला सिस्टर म्हणतात, चारचौघांत माझा नवरासुद्धा! तर आता माझं दार लागत नाय, म्हणून सांगतेय.

आमी चौघं. गजूभाऊ, त्यांचा किन्हवलीत मांडव-साउंडचा धंदा. विलास सर, मुरबाडला हायस्कुलात मराठी शिकवतात. दत्ता, भातसानगरच्या कॉलनीत वाढला आणि तिथंच धरणावर नोकरीला लागला. आणि मी. वय, जात, पगार, काही म्हणजे काही जुळत नाय. जुळतं ते एकच, 'सांडवा'.

सांडवा म्हंजे आमच्या भागातला रॉक बँड. कॉलनीतली तीन पोरं आणि शेणव्याजवळच्या वाडीवरचा किसन, तो ड्रमला. चार अल्बम केले, 'गाळ', 'भोंगा', 'टँकर' आणि 'नळ'. मग बँड मोडला. मुंबईला आमच्या धरणाचं पाणी माहीत आहे, सांडवा नाय. जाऊ दे, त्यांचं नशीब!

दर रविवारी दुपारी गजूभाऊंच्या गोडाऊनमध्ये आमी जमतो. त्यांच्याच मोठ्या स्पीकरवर एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा आणि मग भांडायचं. मध्येच गाणं पुढं ढकलायचं नाय, हा नियम.

*

एकदा 'गाळ' चालू असताना एक काका लग्नाचा मांडव ठरवायला आले. दारातच थबकले.

"गजू, हे काय रे लावलंस?"

"अल्टरनेटिव्ह रॉक हाय काका."

"म्हंजे?"

गजूभाऊंनी जरा विचार केला. "म्हंजे वरातीत नाचता येत नाय ते!"

काका खुर्ची ओढून बसले. डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं. आमाला वाटलं, चला, एक भक्त वाढला! गाणं संपलं तसे काका हळूच म्हणाले, "मग मयताला लावता का?"

*

दुसरा अल्बम 'भोंगा'. त्याची सुरुवातच धरणाच्या भोंग्यानं होते. दरवाजे उघडायच्या आधी नदीकाठच्या लोकांना सावध करायला वाजवतात ना, तोच. पोरांनी तो रेकॉर्ड करून पहिल्या गाण्याला लावलाय. हेडफोनवर ऐकलात तर अंगावर काटा येतो.

पण गजूभाऊंनी तो नदीकाठच्या एका गावात, भर लग्नात लावला! आमालाही आमंत्रण होतं. मुद्दाम नाय हो. जेवणाच्या पंगतीला सनईची फाइल लावायला गेले आणि बोट खालच्या फाइलवर पडलं. समोर चार-चार फुटांचे स्पीकर. ऊँऽऽऽ!

पहिल्या पंगतीतली म्हातारी माणसं भरल्या पानावरून उठली. कुणी पोरं उचलली, कुणी शेळी सोडली. नवरदेवाच्या आजीनं तर आहेराची बॅग काखेत मारली आणि थेट टेकडीची वाट धरली. नवरी मुंडावळ्या सावरत तिच्या मागं. वैशाखाचा महिना, नदीत पायाचा घोटा बुडत नाय, पण विचार करायला थांबतो कोण?

गजूभाऊंनी गाणं बंद केलं, माइकवर माफी मागितली, सगळ्यांना खाली बोलावलं. हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं. मग मोजदाद झाली तर एकच माणूस कमी. आमचा दत्ता! टेकडीच्या पार टोकावर उभा होता.

"अरे, तू धरणावर कामाला ना? तूच भोंगा वाजवतोस ना?" मी खालून ओरडले.

"ड्युटीवर असलो की मी वाजवतो, सिस्टर," तो वरून ओरडला, "सुट्टीवर असलो की मी पळतो!"

*

'टँकर'मधल्या चौथ्या गाण्यात मागं कुठंतरी एक ठोका चालू असतो. धप्प, धप्प. तालात नाय, पण सुटतही नाय. विलास सरांनी त्यावर आमाला पाऊण तास डोस पाजले. "हा ठोका म्हणजे भूक आहे. संगीताच्या आत शिरलेली आणि संगीताला न जुमानणारी भूक." गजूभाऊ म्हणाले, "माइकचं स्टँड हालत असल." दोघं इतके पेटले की शेवटी ठरलं, किसनलाच विचारू.

किसन म्हंजे आमचा देव. बँड मुंबईला गेला तेव्हा त्याला मागं ठेवून गेले, 'नळ'वर ड्रम दुसऱ्याच कुणीतरी वाजवलाय, एवढंच आमाला माहीत. त्याला भेटायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं? शाल घेतली, श्रीफळ घेतलं, विलास सरांनी दोन पानी मानपत्र लिहिलं.

वाडीवर पोचलो तर भाताच्या आवणीचे दिवस. किसन गुडघाभर चिखलात, हातात रोपांची मूठ. गजूभाऊंनी बांधावरूनच शाल उघडली.

"शालीचं काय करू चिखलात?" किसन हसून म्हणाला. "आलाव तसे उतरा खाली. चार हात लागले तर अंधाराच्या आत व्हईल."

उतरलो की! संध्याकाळपर्यंत रोपं लावली. कंबर माझी आठ दिवस धरली होती. विलास सरांची ओळ बघून किसनची आई पदराआड हसत होती. मग तिनं ती सगळी रोपं उपटून पुन्हा लावली. "मास्तर, पोरांना बी असंच शिकवता का?"

तांदळाची भाकरी खाताना सरांनी अखेर ठोक्याचं विचारलं.

"तो व्हय?" किसन म्हणाला. "इथंच घरात रेकॉर्डिंग केलं ना. मागल्या दारी आय भात कांडत व्हती. दोनदा सांगितलं, जरा थांब. तर बोलली, तुमचं गाणं राहू द्या, घरात आज तांदूळ नाय."

विलास सर ताडकन उठले. तोंडात घास तसाच! "भूक! मी काय म्हणत होतो? भूक!"

'नळ'बद्दल विचारायची मात्र कुणाची हिंमत झाली नाय. देवाच्या जखमेला कोण हात लावणार?

*

परत आमी गजूभाऊंच्या टेम्पोतून आलो. किन्हवली आली तेव्हा गजूभाऊ म्हणाले, "ज्या माणसाला चिखलात ठेवून ते मुंबईला गेले, त्यांचा 'नळ' आमच्यात वाजणार नाय. कुणी ऐकायचा पण नाय." आमी तिघांनी गळ्याची शपथ घेतली. 'टँकर'पर्यंत सांडवा आमचा, 'नळा'पासून बिघडले, असा निकालच लागला.

तीन महिन्यांनी दत्ता कपात चहा ओतत होता आणि ओतता ओतता गुणगुणत होता. मला चाल ओळखू आली नाय. गजूभाऊंना आली.

"काय रे, काय गातोस?"

दत्ता थापा मारू शकला असता. कुठल्याही जाहिरातीचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. पण तो सरळ म्हणाला, "'नळ'मधलं तिसरं. 'पाहुणी'. भाऊ, खरं सांगू का? चांगलं हाय ते. लय चांगलं हाय."

"ऊठ."

"भाऊ..."

"ऊठ म्हटलं ना! किसनच्या जिवावर उठलेलं गाणं तुला चांगलं वाटतं?"

दत्तानं सगळ्यांचे चहा पुरे ओतले, स्वतःचा ओतला नाय आणि गेला. मी तोंड उघडायला हवं होतं. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनासुद्धा सुनावते मी, पण त्या दिवशी चहाच्या कपात बघत बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

*

दत्ताची एक खुर्ची होती. गोडाऊनमधल्या सगळ्या निळ्या, ही एकच लाल, कुठल्यातरी लग्नातून चुकून आलेली. तिच्या पाठीवर त्यानं पेनानं 'दत्ता' लिहून ठेवलं होतं. तो गेला, खुर्ची राहिली. गजूभाऊंनी ती कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवली.

भर लग्नसराईत एकदा खुर्च्या कमी पडल्या. गोडाऊन झाडून रिकामं केलं तरी एक कमी, आणि गावचे सरपंच उभे! मी म्हटलं, "भाऊ, ती लाल आहे की."

"ती तुटकी हाय."

मी जाऊन बसून बघितलं. चांगली दणकट! गजूभाऊ उठून घरी गेले आणि बायकोचं पोळपाट-लाटणं खाली ठेवून स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून आणलं. सरपंच अख्खं लग्न त्या पिठाच्या स्टुलावर बसले. उठले तेव्हा काळ्या पँटला मागून पांढरा गोल!

*

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दत्ताची बाइक गोडाऊनसमोरून जायची. थांबायची नाय. दोनदा हॉर्न वाजायचा, बस. कुठं जातो, कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायचं कुणी?

मी रविवारी गजूभाऊंचं बीपी बघते. एकदा फारच वर गेलेलं दिसलं. म्हटलं, "भाऊ, मीठ बंद करा. आणि गोळी चुकवता का?"

"गोळी नाय चुकवत गो," ते म्हणाले. मग रस्त्याकडं मान वळवली. "आज हॉर्न वाजला का? मला नाय ऐकू आला."

नव्हताच वाजला. दत्ताला त्या आठवड्यात ताप होता, हे मला आमच्या ओपीडीच्या रजिस्टरमुळं माहीत होतं. मी सांगितलं. गजूभाऊ "हं" म्हणाले आणि 'टँकर' लावला. मी निघताना म्हणाले, "तुमच्याकडं चांगल्या गोळ्या असतील त्या द्या त्याला, सरकारी नको."

"भाऊ, माझ्याकडं सगळ्या सरकारीच असतात!"

*

यंदा वैशाखात किसनच्या मुलीचं लग्न निघालं. मांडव आणि साउंड कुणाचं? गजूभाऊंचं! दुसऱ्या कुणी नाव घेतलं असतं तर त्यांनी तंगडं मोडलं असतं. हळदीच्या दिवशी दुपारीच आमी तिघं टेम्पोबरोबर वाडीवर गेलो. निळ्या खुर्च्या उतरवल्या, दोनशे. सगळ्यात शेवटी, ताडपत्रीच्या खालून, एक लाल. मी गजूभाऊंकडं बघितलं. ते वायर सोडवत होते.

ऊन उतरलं, बायका हळदीचं ताट घेऊन आल्या, मुलगी पाटावर बसली. गजूभाऊंनी माइक टेस्ट केला. हळद कालवलेले हात पुसत किसन मिक्सरपाशी आला.

"गजूभाऊ, पोरीला हळद लागताना एक गाणं लावाल का? 'नळ'मधलं, 'पाहुणी'."

विलास सरांनी माझ्याकडं बघितलं, मी सरांकडं.

"किसन," गजूभाऊ म्हणाले, "तो अल्बम आमी शिवत नाय. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी? मला कुणी इचारलं?"

गजूभाऊ उगाच एक वायर काढून पुन्हा खोचू लागले.

"मीच बोललो त्यांना, जा तुमी," किसन म्हणाला. "आवणी व्हती, बाप आजारी. माझ्यापायी कशाला थांबायचं? आणि त्या पोरानं वाजवलंय पण झकास, माझ्याहून बरं. 'पाहुणी' तर त्यांनी हिच्यावरच केलंय, ही एवढीशी व्हती तेव्हा." मग आमच्या पडलेल्या तोंडांकडं बघून म्हणाला, "तुमच्याकडं नसल तर राहू द्या. दत्ता आणल. दर रविवारी येतो ना तो माझ्याकडं. आमी दोघं बसून तेच ऐकतो."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, खोटं कशाला बोलू!

एवढ्यात वाडीच्या चढावर हॉर्न वाजला. दोनदा.

दत्तानं बाइक आंब्याखाली लावली. आमाला बघून पाय जरा अडखळले, पण आला. किसननं त्याला काय ते सांगितलं. त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि हातातच धरून उभा राहिला. गजूभाऊंनी मिक्सरवरची मान वर न करता हात पुढं केला.

'पाहुणी' सुरू झालं. बायकांनी हळद लावायला घेतली. मुलगी बापाकडं बघत होती, किसन मांडवाच्या खांबावर दोन बोटांनी ताल धरत होता. पहिलं कडवं दत्तानं हळू आवाजात म्हटलं, एकट्यानंच.

दुसऱ्या कडव्याला त्याच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. जाडा, बेसूर, पण एक शब्द चुकत नव्हता. दत्ता गायचा थांबला. गजूभाऊ मिक्सरची बटणं फिरवत अख्खं कडवं म्हणत होते.

"भाऊ," दत्तानं विचारलं, "हे पाठ कधी केलंत?"

गजूभाऊंनी आवाज आणखी वाढवला.

"तुझी खुर्ची आणलीय. बस आधी."