येळवशीच्या दुपारी पडलेली आंबिलीची रेघ

आधीच सांगते, मी भूतबित मानणारी बाई नाही. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर मीच त्याला विचारते, "काय रे, कुठं निघालास?" बारावी सायन्स झालंय माझं. ज्या चिंचेवर हडळ आहे म्हणतात त्याच चिंचेखाली मी रोज धपाटे थापते, आणि अजून एकही हडळ जेवायला आलेली नाही. पण गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, जे झालं ते... बरं, सांगतेच.

उदगीरहून देगलूरकडे निघालं की पुलानंतर डावीकडे एक फाटा लागतो. आत गेलं की काळ्या दगडाचं पडकं महादेवाचं देऊळ दिसतं. छप्पर नाही, पण खांब बघत राहावेत असे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एका पोराने तिथं रील काढली आणि तेव्हापासून शनिवार-रविवार जत्राच! देवळासमोरच्या चिंचेखाली माझा आणि थोरल्या जाऊबाईंचा धपाटे-चहाचा गाडा आहे. देवळामागे लगेच आमचं वावर.

गर्दीने आमच्या चुली पेटल्या हे खरं. पण फोटोसाठी खांबावर चढणारे पण आले. एका दगडी बाईचा हात मोडला, तेव्हा मी त्या माणसाला असं झापलं की तो धपाटं अर्धं टाकून पळाला.

मग पुरातत्त्व खात्याच्या मॅडम आल्या. तरुण पोरगी, बोलायला गोड. देवळाभोवती कुंपण होणार, फाटक रस्त्याच्या अंगाला, आणि नकाशात आमची चिंच कुंपणाच्या आत. म्हणजे गाडा हलवून पुलापाशी न्यायचा. तिथं कोण थांबतंय? गाड्या भुर्रकन निघून जातात! मी भांडले, मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काकू, तुमच्या तेलाचे डाग त्या पायरीवर पडलेत, बघा." बघितलं. पडले होते. रात्रंदिवस एकच घोर लागला. गाडा गेला तर जाऊबाई आणि मी काय करायचं? त्यांना तर दुसरा आधारच नाही, भावजी गेल्यापासून.

मॅडमनी कुंपणाची रेघ आखायचा दिवस ठरवला, तो नेमका येळवशीचा! बाहेरच्या माणसाला काय माहीत? आमच्याकडे येळवशीला घरं कुलूपबंद, सगळी माणसं शेतात. आखणीच्या पांढऱ्या फक्कीचं पोतं जीपमध्ये घेऊन मॅडम आणि ड्रायव्हर उभे, आणि मजूर एक नाही.

मी वावरातून बघत होते. मनात म्हटलं, बरं झालं! पण जाऊबाई म्हणाल्या, "आगं, येळवशीला दारातलं माणूस उपाशी धाडायचं असतंय व्हय? बोलाव त्यान्ला."

म्हणून मीच हाक मारली. "ओ मॅडम, आज कोन यायलंय कामाला? या की जेवायला, भांडन उद्या करू!"

आल्या बिचाऱ्या. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पाच दगडांच्या पांडवांची पूजा झाली होती. आमच्या ह्यांनी घोंगडी पांघरून, आंबिलीने भरलेलं बिंदगं घेऊन, "ओलगे ओलगे सालम पलगे" ओरडत वावरात आंबील शिंपडून घेतली होती. मग भज्जी, उंडे, खीर. मॅडमनी आंबिलीचे तांबे रिचवले. ताकातली ज्वारीच ती, येळवशीची आंबील पोटात गेली की डोळे आपोआप मिटतात. मॅडम कोपीत, ड्रायव्हर कडब्यावर, आमचे हे बांधावर... सगळे घोरायला लागले. मी आणि जाऊबाई भांडी घासत होतो.

तेवढ्यात देवळाकडून आवाज आला.

"ओलगे ओलगे सालम पलगे!"

एक नाही, पुष्कळ आवाज. आणि सगळे बायकांचे! खळखळून हसत, एकमेकींना पुढे ढकलत चालल्यासारखे. आमच्याकडे हे ओरडायचं काम गडीमाणसांचं. मी जाऊबाईंकडे बघितलं, त्या माझ्याकडे. भीती? खरं सांगते, अजिबात वाटली नाही. उलट वाटलं, आपल्याला न बोलावता कुठं मजा चाललीय?

पळत गेलो. देवळात चिटपाखरू नाही. पण जमिनीवर ओली पांढरी रेघ... शिंपडलेल्या आंबिलीची. देवळाभोवती मोठं रिंगण. मागच्या बाजूला ती रेघ आमच्या वावरात घुसली होती, चांगली हरभऱ्याच्या वाफ्यातून. पुढे मात्र चिंचेच्या अलीकडूनच वळली होती आणि तिथं बैलगाडीएवढी जागा मोकळी सोडली होती. दारासारखी.

देवळातल्या मोडक्या दगडी उखळीत थोडी आंबील उरली होती. मी "नको" म्हणेपर्यंत जाऊबाईंनी बोट बुडवून चाखली सुद्धा! "आपली न्हाई गं ही. मिरची न्हाई, मिरं हाय."

तोवर मॅडम डोळे चोळत आल्या. आधी माझ्यावरच संशय. साहजिक आहे, चिंच बाहेर राहिली म्हटल्यावर दुसरं कोण? पण आमचे हे मागून ओरडत आले, "कुनी केलंय हे? माझा हरभरा गेला की कुंपनात!" मी म्हटलं, "मॅडम, मी शिंपडली असती तर स्वतःच्या हरभऱ्यातून नेली असती का? ह्या मानसाबरोबर मला संसार करायचाय!"

मॅडम हसल्या. मग उखळीपाशी वाकल्या, मिऱ्याचं ऐकलं आणि म्हणाल्या, "काकू, मिरची आपल्या देशात फार नंतर आली. हे देऊळ बांधलं तेव्हा सगळे मिरंच घालायचे." मी उखळीपासून दोन पावलं मागे सरकले. जाऊबाई मात्र म्हणाल्या, "चव चांगली हाय पर."

ती रेघ वाळायच्या आत मॅडमनी स्वतः तिच्यावर फक्की टाकली. पुढच्या आठवड्यात माणसं आणून तिथं खोदून बघितलं, तर रेघेच्या बरोबर खाली घडीव दगडांचा जुना पाया निघाला. देवळाची मूळची भिंत! हरभऱ्याखाली सुद्धा तीच. कुंपण त्याच रेघेवर झालं. ह्यांच्या हरभऱ्याच्या पट्टीचा मोबदला ठरला, पण कुरकुर अजून चालू आहे. मी तेलाची कढई पायरीपासून लांब नेली. आता खांबाला हात लावणाऱ्याला जाऊबाई दारातच अडवतात, आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

आवाज कुणाचे, आंबील कुणाची, मला माहीत नाही. गावातल्या झाडून साऱ्या बायकांना विचारलं. सगळ्या आपापल्या वावरात होत्या.

पण एक सांगायचं राहिलं. दाराबाहेरचं तपासायला मॅडमनी माझ्या चुलीखाली पण खड्डा घेतला. जीव मुठीत धरून बसले होते, म्हटलं इथं काही निघालं की उठवतील आपल्याला. आणि निघालंच. काळी राख, खापरं आणि भाजलेले तीन दगड, मांडलेले. मॅडम खड्ड्यात उतरल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "काकू... चूल आहे. देवळाइतकीच जुनी. तुमचा गाडा राहू द्या इथंच."

जाऊबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी माझी चूल दोन हात बाजूला सरकवली, त्या चुलीला वाट करून दिली, आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.