मास्तर प्रोग्रॅम ऐकायचे

आमचे मास्तर प्रोग्रॅम वाचायचे नाहीत, ऐकायचे. स्टुलावर बसायचे, चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, वाच बाई." मग मी कागदावरच्या ओळी वाचायची. एक्स चाळीस, वाय शून्य, झेड उणे दोन. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर सून सासऱ्याला पोथी वाचून दाखवते आहे असंच वाटलं असतं. फक्त मास्तरांचा उजवा हात हवेत फिरत असायचा. मी वाचेन तसं त्यांचं बोट पुढे सरकायचं, वळायचं, खाली उतरायचं आणि एखाद्या ओळीला जागच्या जागी थांबायचं. बोट थांबलं की चूक सापडली म्हणून समजायचं.

तसे ते कुठल्या शाळेचे मास्तर नव्हते. वर्ध्याच्या आमच्या लहानशा कारखान्यात जिनिंगच्या मशिनींचे सुटे भाग व्हायचे आणि मास्तर तिथे हाताच्या मिलिंग मशीनवर, म्हणजे लोखंडात खाचा कापायच्या मशीनवर होते. सत्तरच्या दशकात कारखान्यातून जी काही खाच, जो काही दाता बाहेर पडला तो त्यांच्या हातचा. नव्या माणसांना तेच शिकवायचे, म्हणून मास्तर. देवळीहून रोज एसटीने यायचे, खाकी शर्टाला कडक इस्त्री. स्वभावाने अबोल, पण कोणी कटर न पुसता ठेवला तर तोंडातला घास तसाच ठेवून उठायचे आणि आधी तो कटर पुसायचे. ज्याने ठेवला त्याला एक शब्द बोलायचे नाहीत. त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या, असं पोरं म्हणायची.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा शेठजींनी एक छोटं सीएनसी मिलिंग मशीन आणलं, आकड्यांचा प्रोग्रॅम भरला की कटर आपोआप फिरवणारं. धान्याच्या कपाटाएवढं असेल. पण त्याचा थाट काय वर्णावा! त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, वेगळा स्टॅबिलायझर आला, आणि माणसांना आजवर जो मिळाला नव्हता तो कूलर त्याला मिळाला. मे महिन्यात बाहेर आम्ही भाजून निघायचो आणि मशीन वाळ्याच्या वासात बसलेलं असायचं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकाएकी नव्या तंत्रज्ञानाची ओढ लागायची आणि डबे त्याच खोलीत उघडायचे.

त्याच सुमारास मास्तरांचा हात थरथरू लागला होता. आधी करंगळी, मग पंजा. पहिले काही महिने त्यांनी तो खिशात लपवला. पण हँडल काही खिशात हात घालून फिरवता येत नाही. जॉब, म्हणजे कापायला लावलेले तुकडे, वाया जाऊ लागले. शेठजी माणूस वाईट नव्हते, तरी मास्तरांनी आता घरी आराम करावा असं ते अधूनमधून सुचवू लागले. मास्तर ऐकल्यासारखं करायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हजर व्हायचे. त्यांना दुसरं काही नको होतं. पगार कमी करा म्हणाले, झाडू मारायला लावा म्हणाले, पण मशीनपासून दूर नको.

नव्या मशीनला फिरवायचं हँडलच नव्हतं, बटणं होती. इथे मास्तरांचं नशीब फळफळलं आणि लगेच अडलं, कारण थरथरतं बोट एक बटण दोनदा दाबायचं. चाराचे चव्वेचाळीस व्हायचे. मग शेठजींना ऑफिसातली टायपिस्ट आठवली, म्हणजे मी. बटणं मी दाबायची, डोकं मास्तरांनी चालवायचं, असं ठरलं. मला मिलिंग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि मास्तरांना टायपिंग. जोडी अगदी शोभून दिसत होती.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. टायपिंगच्या क्लासात शिकवल्याप्रमाणे मी प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम दिला. आणि जिथे खरा द्यायचा, म्हणजे आकड्याला, तिथे दिला नाही. त्या मशीनची रीत अशी की नुसते चाळीस लिहिले तर ते चाळीस मिलिमीटर नव्हेत, मिलिमीटरचे सहस्रांश धरायचे. टिंब दिलं तरच खरे चाळीस. मशीन आधी माझ्या पूर्णविरामांवर अडून बसलं. ते काढल्यावर सुरू झालं आणि केसभर सरकून काम संपलं म्हणून थांबलं. कारखाना हसला. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "बाई, हे शेठची चिठ्ठी नोय. टिंब आकड्याले देजो, ओळीले नाई."

वाचून दाखवायची पद्धत तेव्हापासूनची. प्रोग्रॅम मास्तर सांगायचे, मी लिहून घ्यायची, मग तोच त्यांना वाचून दाखवायची, मग बटणं. त्यानंतरही जॉब लावायचा नाही. कटर वर ठेवून सगळा प्रोग्रॅम एकदा हवेत चालवायचा आणि तोवर मशीन थांबवायच्या लाल बटणावर हात ठेवून उभं राहायचं. मला कंटाळा यायचा. इतकं ऐकून झाल्यावर पुन्हा हवेत कशाला, असं मी एकदा विचारलं. "मशीन आंधयी हाय बाई," मास्तर म्हणाले. "आपन हात धरून नेऊ तिकडेच जाते थे. मंग आपनच आंधये असलो तं कसं?"

त्या दिवसांतली एक गोष्ट मला आजही नीट सांगता येत नाही. मांडीवर ठेवलेला त्यांचा हात सारखा थरथरत असायचा, पण मी वाचायला लागले आणि तो हवेत उचलला गेला की शांत व्हायचा. रेघ मारावी तसं बोट सरळ चालायचं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, या आजारात असं होतं, हात कामाला लागला की थरथर कमी होते. त्यांनी हेही सांगितलं की काही धरायला-दाबायला गेलं की ती परत येते आणि आजार वाढतच जाणार. मास्तरांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं.

दोनेक वर्षं आमचं छान चाललं. वाकड्यातिकड्या कडांच्या चकत्या, म्हणजे कॅमसुद्धा मास्तर तोंडी सांगायचे आणि त्या मापात उतरायच्या. मग त्यांचा आवाज बसू लागला. आधी वाटलं सर्दी असेल. पण तो खाली खाली जात राहिला आणि कूलरच्या घरघरीत ऐकूच येईना. मी कूलर बंद करू लागले. भर उन्हाळ्यात त्या काचेच्या पेटीत आम्ही दोघं घामाने निथळत बसायचो. मी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन आकडे लिहून घ्यायची. एके दिवशी मशीन तापून बंद पडलं. कूलर बंद करायचा नाही, असा हुकूम निघाला. हुकूम चुकीचा नव्हता, म्हणून जास्तच लागला.

त्यानंतर मास्तरांना घरी बसवायचं ठरलं. निरोपाला शाल आणि नारळ दिला. मास्तरांनी शाल घेतली आणि काचेच्या खोलीत जाऊन मशीन पुसत बसले. सगळे चहाला बोलावत होते, ते उठेनात. शेवटी मी गेले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी येत जाजो. वाचून दाखवजो." आवाज इतका बारीक होता की मला ओठांवरून समजलं.

म्हणून मी रविवारी देवळीला जाऊ लागले. आठवड्याचे प्रोग्रॅम आता मीच लिहीत होते. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, रविवारी सकाळी त्यांची दाढी करून द्यायच्या, खाकी शर्ट घालून द्यायच्या आणि खाटेवर उशीला टेकवून बसवायच्या. मास्तर डोळे मिटायचे. हात उचलत नव्हता, पण गोधडीवर बोट चालायचं आणि चुकीच्या ओळीला नेमकं थांबायचं. बोट थांबलं की काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "धरली का चूक?" मी धरली म्हणायची. त्या दिवशी मास्तर पोटभर जेवतात, असं त्या म्हणायच्या. मला लेखी शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं, खरं तर चूक माझीच असायची.

पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी मी गेले. दोन खाचांचा साधा प्रोग्रॅम होता. वाचता वाचता माझ्याच लक्षात आलं, पहिली खाच झाल्यावर कटर वर उचलायची ओळ मी लिहायलाच विसरले आहे. कटर तसाच खाली आणि पुढची ओळ त्याला भरधाव दुसऱ्या टोकाला पाठवते आहे. चालवला असता तर कटरचे तुकडे झाले असते. नवशिक्यालाही दिसावी अशी चूक. मी थांबले. मास्तरांच्या बोटाने चूक धरली नव्हती. वाटलं, माझा आवाज पोचला नसेल. मी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या, सावकाश, त्यांच्या कानाशी वाकून. गोधडीवरचा हात थरथरत होता. तो आता कामाला लागत नव्हता. मास्तरांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "चालव."

हात गेला, आवाज गेला, तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते. तिसऱ्यांदा वाचायचं धैर्य मला झालं नाही. मी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. "आज काईच चूक नाई निंगाली?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू," मी म्हणाले.

काकूंचा चेहरा उजळला. त्या खाटेपाशी गेल्या, मास्तरांच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि मोठ्या कौतुकाने त्यांना म्हणाल्या, "पाहा, शिकली तुमची बाई."