नव्याण्णव मेंढरं आणि एक अर्ज

मंगळवार, सकाळचे अकरा. पोलीस ठाण्यातला लाकडी बाक. गारखेड्यातल्या आमच्या घरी दर शुक्रवारी होणारी प्रार्थना बंद करा, असा अर्ज कुणीतरी दिला होता. बाकावर मी, माझी बायको सुशीला, आमचा उपसंपादक पांढरे आणि त्याचे वडील आबा. तीस वर्षं बातमीदारी केली, त्यातून ख्रिस्ती असलो, की असे किस्से आपोआप साठत जातात.

*

ऑफिसात डबा उघडून मी डोळे मिटले, की पांढरे माझी वांग्याची भाजी उचलायचा. एकदा मी प्रार्थना आवरती घेऊन त्याचा हात धरला.

"पास्टर," तो मला चिडवायला असंच म्हणतो, "देवानं दिलं म्हणताय ना? मग तुम्हा एकट्याला कसं दिलं असेल?"

दुसऱ्या दिवसापासून सुशीला दोन डबे देऊ लागली.

*

सुशीला नर्स. आबा तिच्याच वॉर्डात होते. तिनं विचारलं, "आबा, तुमच्यासाठी प्रार्थना करू?"

"झालं धर्मांतर सुरू," पांढरे पुटपुटला.

"आधी कुशीवर तरी वळू दे त्यांना," ती म्हणाली.

आबा म्हणाले, "कर की पोरी. आमचा देव गावाकडं ऱ्हायला, तुझा जवळ असंल."

*

बरे झाल्यावर आबा आपणहून शुक्रवारी आले. त्या दिवशी वाचायला बायबलमधली हरवलेल्या मेंढराची बोधकथा होती. मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडतो आणि एकाला शोधायला जातो. आबांनी जन्मभर कन्नडच्या घाटात मेंढरं राखलेली. त्यांनी वाचन थांबवलं.

"लिव्हणारानं मेंढरं राखली नसतील. नव्याण्णव लांडग्यानं नेली म्हंजी?"

"तुम्ही काय केलं असतं, आबा?" मी विचारलं.

आबांनी टोपी डोक्यावर चढवली. "गेलोच असतो. कुत्रं तिथं बसवून."

*

निरीक्षकांनी आत बोलावलं. अर्जात लिहिलं होतं, आजारी म्हाताऱ्याला फसवून बाटवलं.

"फसवलं का हो, बाबा?"

"मेंढरांच्या व्यापाऱ्यांना जमलं नाय साहेब, ही पोरगी काय फसवती? सकाळी खंडोबाचा भंडारा लावूनच आलोय. शुक्रवारी बी जाणार."

पांढरे माझ्याकडं बोट करून म्हणाला, "या माणसाला वीस वर्षांत माझा गुटखा सोडवता आला नाही."

निरीक्षक हसले. मी हसलो नाही. स्वतःच्या घरात देवाचं नाव घ्यायला कुणाची परवानगी लागते, ते लेखी द्या म्हणालो. लेखी काही मिळालं नाही. "चालू ठेवा," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी समोरच्या देशमुखवहिनी पहिल्यांदाच आल्या, स्वतःची खुर्ची घेऊन.

शनिवारी मी अर्जावरच्या पत्त्यावर गेलो. शेंद्र्याच्या अलीकडं. तिथं घर नाही. मोकळा प्लॉट आहे. अर्ज ठाण्यात कुणी आणून दिला, हे मी तीनदा विचारलं. अजून कुणी सांगितलेलं नाही.